गाडीचे हायड्रॉलिक ब्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेकबद्दल लोक बहुधा दोन वेळा विचारतात: गाडी नवीन घेतल्यावर, आणि एक दिवस पेडल वेगळं लागायला लागल्यावर. दुसऱ्या वेळचे प्रश्न जास्त महत्त्वाचे, कारण पेडल खोटं बोलत नाही. ते कडक झालं, मऊ झालं की हळूहळू खाली बसायला लागलं, यावरून बिघाड कुठे आहे ते बरंचसं कळतं. म्हणून खालच्या उत्तरांत पायाला काय जाणवतं यावर भर दिला आहे. हे सगळं प्रवासी मोटारींबद्दल आहे. हवेच्या दाबावर चालणारे ट्रक-बसचे ब्रेक वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत.

१. मी पायाने थोडंसंच दाबतो आणि टनभर वजनाची गाडी थांबते. हे होतं कसं?

पायाचा जोर वाटेत तीन ठिकाणी वाढतो. आकडे गाडीगणिक बदलतात, पण नमुन्यादाखल एक हिशोब मांडू. तुम्ही पेडलवर १५ किलोचा जोर दिला. पेडल म्हणजे तरफ, ती त्याचे चौपट म्हणजे ६० किलो करते. पुढे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा, प्रश्न ३) त्याचे आणखी चौपट करतो: २४० किलो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकच्या द्रवावर दाब देणाऱ्या मुख्य नळकांड्याच्या, पिस्टनवर पडतो. पिस्टनचा व्यास २० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे आतल्या द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७६ किलोचा दाब तयार झाला.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलचा नियम. चाकाजवळ कॅलिपरमध्ये (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) ५४ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन असेल तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २३ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा: सुमारे १७५० किलो. पंधरा किलोचे पावणेदोन टन झाले, आणि तेही एका चाकावर.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. मोठा पिस्टन एक मिलिमीटर सरकवायचा तर छोट्याला सात मिलिमीटरांहून जास्त सरकावं लागतं, आणि त्याला एकापेक्षा जास्त चाकं सांभाळायची असतात. म्हणून पॅड आणि डिस्क यांच्यात मिलिमीटरच्या काही अंशाचीच फट ठेवतात. पेडलची चाल मर्यादित आहे, ती वाया घालवून चालत नाही. पुढचे निम्मे बिघाड याच एका गोष्टीत आहेत.

२. तारा किंवा दांड्या लावून हेच करता आलं नसतं का?

करत होतेच. सुरुवातीच्या गाड्यांत तसंच असायचं. अडचण अशी की चार तारा सारख्या ताणलेल्या राहत नाहीत, एक चाक आधी धरतं आणि गाडी आडवी ओढते. शिवाय पुढची चाकं वळतात, खड्ड्यात वरखाली होतात, आणि तेवढ्यानेही तारेचा ताण बदलतो. द्रवाला याचं काही नाही. नळी कशीही वळवा, दाब तोच पोचतो. माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना असे ब्रेक आले. तार अजून एका जागी टिकून आहे, ती म्हणजे हॅन्डब्रेक. त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

३. इंजिन बंद असताना पेडल दगडासारखं का लागतं? ब्रेक फेल झाले का?

नाही. बूस्टर उपाशी आहे. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा इनटेकमध्ये (हवा आत जाण्याच्या वाटेत) निर्वात पोकळी तयार होते. बूस्टरच्या त्या मोठ्या काळ्या गोल डब्यात एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूला ही पोकळी आणि पेडल दाबल्यावर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, असा तो ढकलला जातो. डिझेल इंजिनात अशी पोकळी पुरेशी होत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लावलेला असतो.

इंजिन बंद केल्यावरही डब्यात दोन-तीन वेळा दाबण्यापुरती पोकळी शिल्लक राहते. ती संपली की फक्त तुमचा पाय आणि तरफ उरते. ब्रेक लागतात, पण ताकद पुष्कळ लावावी लागते. म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणं हा पेट्रोल वाचवण्याचा सगळ्यात वाईट मार्ग.

बूस्टर चांगला आहे का ते घरीच कळतं. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. ढिम्म हललं नाही तर पडदा, वन-वे व्हॉल्व्ह किंवा व्हॅक्यूमचा पाइप बघायला हवा.

४. ब्रेक ऑइल म्हणजे नेमकं कोणतं तेल?

सगळे ऑइल म्हणतात, मीही म्हणतो, पण नेहमीचं ब्रेक ऑइल तेल नसतंच. ते ग्लायकॉल इथर जातीचं रसायन आहे. पाण्यात मिसळतं, रंगावर सांडलं तर रंग उखडतं. सांडलं तर पुसत बसू नका, भरपूर पाण्याने धुवा.

तेल नाही हे लक्षात ठेवायचं कारण व्यवहारी आहे. ब्रेकमधले रबरी कप आणि सील या रसायनासाठीच बनवलेले असतात. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल पडलं तर ते रबर फुगतं, मऊ पडतं आणि कप सिलिंडरमध्ये अडकून बसतात. असं झालं तर गाडी चालू न करता, पेडल न दाबता उचलून न्या. ते तेल फक्त टाकीत असेल तर थोडक्यात सुटाल. पेडल दाबून आत गेलं असेल तर मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत रबर असलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो.

५. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ यातलं कोणतं टाकू?

टाकीच्या झाकणावर जे लिहिलं असेल ते. फरक मुख्यतः उकळण्याच्या तापमानात आहे. कोरडं म्हणजे ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला, डॉट ४ २३० ला आणि डॉट ५.१ २६० ला उकळतं. पाणी मुरल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलट करू नये.

नावात फसवणारा एक प्रकार आहे: डॉट ५. तो सिलिकॉनचा, बाकीच्यांत मिसळत नाही. ५ आणि ५.१ यांत फक्त एका दशांशाचा फरक दिसतो, पण ते दोन वेगळे द्रव आहेत. नाव ठेवणाऱ्यांनी इथे जरा विचार करायला हवा होता.

६. माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. तरी ब्रेक ऑइल बदलायचं?

हो. ते किलोमीटरवर खराब होत नाही, दिवसांवर होतं. हवेतली ओल ते शोषतं, रबरी होजमधूनही (चाकाकडे जाणाऱ्या लवचिक नळ्या) ती आत मुरते. बहुतेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात, तुमच्या पुस्तिकेत असेल ती पाळा. जुनं ऑइल काळपट दिसतं खरं, पण रंगावर विसंबू नका. स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. पाणी आत गेल्याचे तोटे दोन: उकळण्याचं तापमान खाली येतं (ते का महत्त्वाचं, ते प्रश्न १२ मध्ये) आणि सिलिंडर आतून गंजतात. उघडून ठेवलेली अर्धी बाटली वर्षभराने वापरायला काढू नका, तिने कपाटात बसून हेच केलेलं असतं.

७. टाकीतली पातळी खाली गेली आहे. वरून भरू का?

आधी पॅड बघा. पॅड झिजले की पिस्टन थोडा बाहेर येऊन राहतो, त्याच्यामागची रिकामी जागा भरायला ऑइल लागतं आणि टाकी तेवढी उतरते. ही गळती नव्हे. अशा वेळी वरून भरलं, तर पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की टाकी ओसंडून वाहणार.

पॅड जाड आहेत आणि पातळी तरी उतरते, किंवा आठवड्याभरात दिसण्याइतकी उतरते, म्हणजे कुठेतरी गळतं आहे. चाकांच्या आतल्या बाजू, होजचे सांधे, मास्टर सिलिंडरच्या मागे बूस्टरला लागून असलेली जागा तपासा. क्लच हायड्रॉलिक असेल तर अनेक गाड्यांत त्याचंही ऑइल याच टाकीतून जातं. त्याची नळी टाकीला वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल तळाशी राहावं.

८. पुढे डिस्क आणि मागे ड्रम, ही काटकसर आहे का?

काही अंशी. पण त्यामागे हिशोबही आहे. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचे टायर रस्त्यावर दाबले जातात आणि मागचे हलके होतात. थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात, त्यांना तापलेलं लवकर निवणारी उघडी डिस्क हवी. मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबतात) पुरतो, आणि त्यात हॅन्डब्रेक बसवणं सोपं जातं. मागच्यांना जास्त दाब मिळाला तर ती आधी घसरतात आणि गाडी भोवरा होते. ते टाळायला पूर्वी दाब रोखणारा व्हॉल्व्ह असायचा, आता बहुतेक ठिकाणी एबीएसमधली (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, प्रश्न १४) ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटणारी सोय, तेच काम करते.

९. ड्रममध्ये स्प्रिंग असतात. डिस्कमध्ये पॅड मागे कोण ओढतं?

हा माझा आवडता प्रश्न. उत्तर: रबराची एक चौकोनी कडी.

कॅलिपरचा पिस्टन हातात घेतलात तर तो गुळगुळीत पेल्यासारखा दिसतो. ज्या भोकात तो बसतो त्याच्या भिंतीत एक खाच असते आणि खाचेत ही सील, म्हणजे कडी गोल पण तिचा छेद चौकोनी. दाब आला की पिस्टन पुढे सरकतो, पण सीलची आतली कड त्याला चिकटलेली असल्यामुळे तीही त्याच्याबरोबर पुढे वाकते. दाब गेला की रबर मूळ आकारात यायला बघतं आणि येताना पिस्टनला मागे आणतं. किती? मिलिमीटरच्या काही अंशाइतकं, पण डिस्क मोकळी फिरायला तेवढं पुरतं. पॅड झिजले की पिस्टनला सीलच्या लवचिकतेपेक्षा जास्त पुढे जावं लागतं, तेव्हा तो सीलवरून घसरतो आणि नव्या जागी थांबतो. म्हणून डिस्क ब्रेकला कधी अॅडजस्ट करावं लागत नाही. एवढं काम एकच कडी करते, ना स्प्रिंग ना स्क्रू.

पिस्टनवर गंज चढला की हे बंद पडतं. पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापतं, मायलेज पडतं. लांबून आल्यावर प्रत्येक रिमजवळ हात नेऊन पाहा (लावू नका). एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर तोच.

१०. पेडल स्पंजासारखं लागतं. दोन-तीनदा दाबलं की बरं होतं. काय असेल?

हवा. द्रव दाबला तरी आकसत नाही, हवा आकसते. तुमच्या पायाची चाल तो बुडबुडा दाबण्यातच संपते. पुन्हा पुन्हा दाबल्यावर मास्टर सिलिंडर आणखी ऑइल आत ढकलतो, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. मागच्या ड्रमचे शू फार झिजलेले किंवा ढिले असले तरी दोनदा दाबल्यावर पेडल वर येतं, पण तेव्हा ते खाली लागलं तरी स्पंजासारखं नसतं, टणकच असतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक जण पेडलवर, दुसरा चाकाशी. निपलला (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. पहिल्याने दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, पेडल खाली जातं, निपल बंद, मगच पाय काढायचा. क्रम चुकला, म्हणजे निपल उघडा असताना पाय उचलला, तर काढलेली हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मध्ये टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. साधारणपणे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. पुस्तिका बघा.

एक कानमंत्र: जुन्या गाडीत हे करताना पेडल पार तळाला नेऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या त्या टोकापर्यंत जात नाही, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. कप त्यावरून गेले की फाटतात, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रश्न ११ घेऊन येता.

११. सिग्नलला उभा असताना पेडल हळूहळू खाली जातं. गळती मात्र कुठेच नाही.

मास्टर सिलिंडरचे कप गेले. ऑइल बाहेर न पडता कपाच्या कडेने मागच्या बाजूला निसटतं, म्हणून जमीन कोरडी आणि टाकी भरलेली. गंमत म्हणजे जोरात दाबल्यावर कप पसरून भिंतीला घट्ट बसतो आणि ब्रेक चांगले लागतात. हलक्या पायाने धरल्यावरच पेडल खाली सरकतं. त्यामुळे लोक महिनोन्महिने तसेच चालवतात. करू नका. कपांचं किट टाकता येतं, पण सिलिंडर आतून खरवडलेला असेल तर अख्खा बदललेलाच बरा.

१२. घाट उतरताना ब्रेक कमी झाले. खाली येऊन थांबल्यावर पुन्हा ठीक. असं का?

दोन वेगळी कारणं आहेत आणि ती पेडलवरून ओळखता येतात.

पेडल टणक, वर, पण गाडी थांबत नाही: पॅड इतके तापले की त्यांची पकड गेली. पेडल मऊ, तळाला जाणारं: कॅलिपरमधलं ऑइल उकळलं. वाफ हवेसारखीच आकसते, म्हणजे प्रश्न १० मधलाच प्रकार, फक्त ऐन उतारावर. निवल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पुरावा उरत नाही.

उष्णता किती असते? १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवताना जी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तेवढ्यात ३० अंशांवरचं लिटरभर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट. घाटात हे पुन्हा पुन्हा होतं. उपाय जुनाच: जो गिअर चढायला लागला असता तो उतरताना ठेवा, ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी ठामपणे लावून सोडा. दुसरं कारण असेल तर ऑइल बदला.

१३. एक पाइप फुटला तर सगळे ब्रेक जातात का?

नाही, आणि ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. मास्टर सिलिंडरमध्ये एकापुढे एक दोन पिस्टन असतात, प्रत्येकाचं वेगळं सर्किट. काही गाड्यांत एक पुढच्या चाकांचं आणि एक मागच्यांचं, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत तिरपं: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र. एक फुटलं की पेडल बरंच खाली जातं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि उरलेल्या दोन चाकांवर गाडी थांबते, मात्र लांब जाऊन. गाडी बाजूला घ्या. "लागतायत की अजून" म्हणून घरी नेऊ नका.

१४. एबीएसमध्ये पेडल पायाखाली धडधडतं. काही मोडलं का?

नाही, तसंच व्हायला हवं. प्रत्येक चाकाच्या वेगावर सेन्सरची नजर असते. एखादं चाक लॉक व्हायला लागलं की व्हॉल्व्ह त्या चाकाचा दाब रोखतो, सोडतो, पुन्हा देतो, सेकंदाला अनेक वेळा. पंप ऑइल मागे ढकलतो, तीच धडधड. पाय काढू नका, पंप करू नका, दाबून धरा आणि स्टीअरिंग वळवा. लॉक झालेलं चाक वळत नाही, फिरणारं वळतं, एबीएसचा खरा फायदा तोच. मोकळ्या खडीवर मात्र थांबायला जास्त अंतर लागू शकतं.

बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमध्ये आली. तिच्याखाली ब्रेक तेच, प्रश्न १ मधले. म्हणून फक्त एबीएसचा पिवळा दिवा लागला तर साधे ब्रेक चालू असतात. पिवळ्याबरोबर लालही लागला तर थांबा.

१५. ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर नवीन टाकला तरी तेच.

मग होज बघा. बाहेरून ठणठणीत दिसणारा रबरी होज आतून सुजतो किंवा त्याचा पापुद्रा सुटतो, आणि तो एकेरी दरवाजा होतो. दाब जायला वेळ लागला तर गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. दाब परत यायला वेळ लागला तर पाय काढल्यावरही ते चाक धरून राहतं. चाक अडकलेलं असताना निपल सोडून पाहा. सुटलं, तर बिघाड होजमध्ये किंवा त्याच्या मागे. नाही सुटलं, तर पिस्टन (प्रश्न ९).

१६. गाडी गरम झाली की चारही ब्रेक आपोआप धरतात. थंड झाली की सुटतात.

दुर्मीळ, पण मेकॅनिकला दमवणारा प्रकार. पाय काढल्यावर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पार मागे यायला हवा. तिथे टाकीकडे जाणारं एक बारीक भोक उघडं होतं आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून वर जातं. पेडलला मोकळी चालच नसेल, कोणी दांडा जास्त लांब अॅडजस्ट केला असेल, तर ते भोक झाकलेलं राहतं. फुगलेल्या ऑइलला वाट नाही, ते पिस्टनच पुढे ढकलतं. ब्रेक धरतात, आणखी तापतात, आणखी धरतात. बूस्टर किंवा मास्टर सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पहिला संशय यावरच घ्या.

१७. चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर काय करायचं?

भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळू शकतो. त्याच वेळी गिअर एकेक करून उतरवा. हॅन्डब्रेक तारेचा असेल तर बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाकं लॉक होतील. विजेवर चालणाऱ्या हॅन्डब्रेकचं बटण बऱ्याच गाड्यांत धरून ठेवल्यावर आणीबाणीचा ब्रेक लागतो, तुमच्या गाडीत कसा आहे ते आजच वाचून ठेवा. इंजिन बंद करू नका. पेडल खालीच जात नसेल तर ब्रेकचा दोष नसेलही, पेडलखाली पाण्याची बाटली घरंगळली आहे का बघा.

१८. पॅड मीच बदलले आणि पहिल्यांदा दाबल्यावर पेडल तळाला गेलं. काय चुकलं?

बहुधा काही नाही. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत ढकललेले असतात. ते पॅडपर्यंत परत येईपर्यंत पेडल पोकळच जातं. गाडी हलवण्याआधी जागेवर सात-आठ वेळा पेडल दाबायचं, टणक लागेपर्यंत. हे मला माहीत होतं. तरी एकदा पॅड टाकून, हात पुसून, गाडी थेट रिव्हर्सला घातली. मागे भिंत होती. हॅन्डब्रेक ओढला म्हणून बंपर वाचला. तेव्हापासून काम सुरू करतानाच किल्ली पेडलवर ठेवतो, म्हणजे ती घ्यायला वाकलं की आठवण होते.

१९. इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं असतं का?

असतं. वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी वीज बनवते आणि बराच वेग खाते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला ही वीज घेता येत नाही, आणि आणीबाणीत मोटरचा ब्रेक पुरत नाही. इंजिनच नसल्यामुळे व्हॅक्यूम नाही, म्हणून बूस्टर विजेवरचा किंवा विजेच्या पंपावरचा असतो. पॅड झिजायचे कमी आणि गंजायचे जास्त, असा उलटा त्रास इथे दिसतो. अधूनमधून मुद्दाम जरा जोरात ब्रेक लावून डिस्क साफ ठेवावी. ऑइल मात्र ठरलेल्या मुदतीत बदलायचं, ओल शोषताना ते गाडी कशावर चालते ते बघत नाही.

२०. महिनाभर उभी गाडी काढली तर "टक्" आवाज आला आणि मग सुटली.

पॅड किंवा शू गंजाने चिकटले होते. डिस्कवरचा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, तोवर जरा खरखर येईल. गाडी धुऊन लगेच हॅन्डब्रेक ओढून ठेवली की हे हमखास होतं. जास्त दिवस ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना अडसर लावून ठेवा आणि हॅन्डब्रेक सोडून द्या.